पायऱ्या न लिहिणारं पोर: हायस्कुलातली प्रज्ञावंत मुलं ओळखायची कशी आणि पुढे करायचं काय

आठवीच्या चाचणीत मी एक प्रश्न घातला होता. दुकानदाराने मालाचा भाव १० टक्क्यांनी चढवला आणि चढलेल्या भावावर १० टक्के सूट दिली, तर मूळ भावाच्या मानाने त्याच्या हातात किती कमी-जास्त आलं? प्रश्न तीन गुणांचा. एका मुलाने "१ टक्का कमी" एवढंच लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला लागला. वर काही नाही, खाली काही नाही. वर्गात त्याचा नंबर पंचविसाच्या पुढे, कानडीत जेमतेम पास, वही अर्धी कोरी. मी शेजाऱ्याचा पेपर काढून ताडून बघितला. शेजाऱ्याचं उत्तर चुकलेलं होतं. तरीही मी त्याला उभं केलं आणि कुणाचं बघून लिहिलंस म्हणून दरडावलं.

"बघितलं न्हाई सर. दहाचा वर्ग शंभर, शंभरात एक जातंय. वीस टक्के केलं तर चार जातंय, तीसला नऊ."

मी फळ्यावर करून बघितलं. शंभराचे एकशेवीस, त्यावर वीस टक्के म्हणजे चोवीस सूट, उरले शहाण्णव. चार गेले. तीस टक्क्यांनी एक्याण्णव, नऊ गेले. हा नियम मी शिकवला नव्हता. वडिलांच्या भाजीच्या पाटीवर बसून भाव चढवताना-उतरवताना पोराला तो दिसला होता. आणि मी त्याला तीनपैकी एक गुण दिला, कारण पायऱ्या नव्हत्या.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात मी बावीस वर्षं गणित शिकवतोय. अशी किती पोरं माझ्या हातून निसटली असतील याचा हिशेब मला मांडता येणार नाही. पण ती कशी निसटतात, जगात ती पकडायच्या काय रीती आहेत आणि आपल्या सीमाभागातल्या शाळेला त्यातलं काय जमण्यासारखं आहे, ते सांगता येईल.

नंबर काय मोजतो

हुशार पोर ओळखायची आपली रीत ठरलेली आहे. पहिल्या तिनात येतो तो हुशार. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्डाला, ६२५ पैकी सहाशेच्या वर गेला की चौकात बॅनर. त्या मुलांच्या मेहनतीला नावं ठेवायचं कारण नाही. पण शिकवलेलं लक्षात राहिलं का, ते वेळेत, नीट अक्षरात, पायऱ्यांसकट कागदावर उतरलं का, एवढंच त्या गुणांत येतं. जे शिकवलंच नाही तिथे डोकं कसं चालतं, हे त्यात जवळपास येतच नाही. काही मुलांत दोन्ही असतं. काही मुलांत पहिलं असतं आणि दुसरं नसतं, तरी त्यांचं चांगलं चालतं. ज्यांच्यात दुसरं असतं आणि पहिलं नसतं, त्यांची पंचाईत होते.

ही पंचाईत फक्त आपलीच नाही. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली दीड हजाराच्या वर मुलं निवडायला घेतली आणि पुढे आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. निवडताना त्यांनी आधी शिक्षकांना विचारलं, तुमच्या वर्गात सगळ्यात हुशार कोण? मग त्या मुलांची बुद्धिमापन चाचणी झाली आणि साधारण १३५ च्या वर बुद्ध्यांक आला ती आत गेली. चाचणी देऊन बाहेर राहिलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं होती. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल एकालाही नाही. चाचणी खोटी होती असं यावरून ठरत नाही. त्या मुलांतले बरेच जण पुढे नावारूपाला आले. पण एकाच चाळणीवर विसंबलं की दाण्याबरोबर काय काय खाली जातं, ते दिसतं.

म्हणून नंतरच्या लोकांनी व्याख्या सैल केली. जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये मांडलेली कल्पना मला सगळ्यात कामाची वाटते. ते तीन वर्तुळं काढतात, मी पालकांना चुलीचे तीन दगड म्हणून सांगतो. एक दगड सरासरीहून वरची कुवत, अगदी अचाट नसली तरी चालेल. दुसरा कल्पकता. तिसरा, हातात घेतलेल्या कामाचा पिच्छा न सोडण्याची चिकाटी. तिन्ही दगड जुळले की त्यावर भांडं बसतं. यातली मेख अशी की दुसरा आणि तिसरा दगड कुठल्याही एका दिवसाच्या पेपरात दिसत नाही. तो काम करताना दिसतो, म्हणजे आधी तसं काम द्यावं लागतं. म्हणूनच रेंझुली वरच्या दोन टक्क्यांवर थांबत नाहीत. शाळेतल्या पंधरा-वीस टक्के मुलांना समृद्ध काम द्या आणि त्यातून कोण उसळी मारतं ते बघा, असं त्यांचं म्हणणं.

आकड्यांतच बोलायचं तर बुद्ध्यांक १३० च्या वर असणारी मुलं रूढ मापाने शंभरात दोन-सव्वादोन धरतात. तीनशे पटाच्या हायस्कुलात सहा-सात झाली. "आमच्या शाळेत तसलं कोणी नाही हो" असं कोणी म्हणालं की मी हा हिशेब सांगतो.

आपल्याकडे आज काय आहे

भारतात प्रज्ञावंत मुलांसाठी वेगळा कायदा नाही. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, तसे प्रयोग संस्थांनी आपापल्या बळावर केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांसाठी शाळेच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर विषयांची मंडळं, प्रकल्प, सुट्टीतली शिबिरं असावीत असं लिहिलेलं आहे. आपल्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या हद्दीत हातात येतं ते परीक्षांच्या रूपात.

हायस्कूलवाल्यांनी मनावर घ्यावी अशी परीक्षा म्हणजे एनएमएमएस, कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीत असताना देतात. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेतलं मूल हवं, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्क्यांची सवलत. नवोदय किंवा केंद्रीय विद्यालयातल्या मुलांना ती नाही, खासगी विनाअनुदानित शाळांनाही नाही. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यातल्या मराठी शाळांसाठीच बेतल्यासारखी. पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा सातवी-आठवीच्या अभ्यासाचा. दुसऱ्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००.

बौद्धिक क्षमतेच्या पेपरात २, ६, १२, २०, ३० यांच्या पुढे काय, असली मालिका असते. फरक ४, ६, ८, १० असा वाढतोय हे दिसलं की ४२. त्या भाजीवाल्या पोराला मी हे दिलं तेव्हा तो म्हणाला, "एक दोन्ही दोन, दोन त्रिक सहा, तीन चोक बारा. मग सहा साते बेचाळीस." फरकाकडे त्याने बघितलंच नाही. दोन्ही वाटा बरोबर. पण त्याच्या वाटेने गेलं तर शंभरावी संख्याही लगेच सांगता येते, माझ्या वाटेने शंभर पायऱ्या चढाव्या लागतात.

या शिष्यवृत्तीत तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली, पैसे मुलाच्या स्वतःच्या खात्यात येतात आणि आधार, खातं, हजेरीपट यांवर नाव अक्षर न अक्षर सारखं लागतं. आपल्याकडे एकच आडनाव मराठीत एक, कानडीत दुसरं आणि इंग्रजीत तिसरं होऊन बसतं, त्यामुळे ही कटकट आपल्याच नशिबी जास्त. दुसरी, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. एका शाळेत निवड झालेल्या मुलीचं दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. पेढे मात्र पहिल्या वर्षी सगळ्यांनी खाल्ले होते. तिसरी ठेच सगळ्यात महागाची. दहावीला किमान ६० टक्के हवेत, आणि अकरावी-बारावीही सरकारी किंवा अनुदानितच हवी. दहावीनंतर पोरगं बेळगावातल्या विनाअनुदानित पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात घातलं की शिष्यवृत्ती संपली. प्रवेश घेण्याआधी हे घरच्यांना कळलं तर निदान विचार करून ठरवतील.

नवोदय सगळ्यांना माहीत असतं. १९८६ च्या धोरणातून निघालेली ही निवासी शाळा, आपल्या जिल्ह्याची चिकोडी तालुक्यातल्या कोथळीला आहे. सहावीला ८० जागा, त्यातल्या निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, निदान एक तृतीयांश मुलींना. परीक्षा दोन तासांची, १०० गुणांपैकी निम्मे आकृत्यांच्या बौद्धिक चाचणीला. पाचवीत असताना एकदाच देता येते, त्यामुळे आमच्या हातात मूल येतं तोवर ती गाडी गेलेली असते. नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा एक परीक्षा होते हे मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. पेपर इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीतून त्रिकोणमिती समजलेल्या पोराला इथे विषय येतो, प्रश्न येत नाही.

बाकीचं थोडक्यात. राष्ट्रीय प्रज्ञाशोध म्हणजे एनटीएस १९६३ पासून चालत आलेली, दहावीची सगळ्यात मानाची परीक्षा होती. २०२१ नंतर ती थांबली आहे. जुने सर अजूनही "याला एनटीएसला बसवा" म्हणतात, त्यांना हळूच सांगावं. इन्स्पायर मानक या केंद्राच्या विज्ञान योजनेत शाळेने मुलांच्या पाचपर्यंत कल्पना पाठवायच्या असतात, निवडलेल्या कल्पनेला नमुना करायला १०,००० रुपये मिळतात. गणित-विज्ञानाच्या ऑलिंपियाडचं काम मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं, आणि आठवीपासून गणिताच्या पहिल्या पायरीला बसता येतं. प्रतिभा कारंजी या कर्नाटकातल्या शालेय स्पर्धेत गाणी, भाषण, कथाकथन होतं. गणितात मागे असलेल्या मुलाची जीभ किती तल्लख आहे हे शाळेला कळण्याची वर्षातली ती बहुधा एकमेव वेळ, म्हणून मी तिला हलक्यात घेत नाही. किल्ला आणि सैन्याची हौस असलेल्यांना कित्तूरची मुलींची सैनिक शाळा आणि बेळगावचं मिलिटरी स्कूल आहे, पण तिथली मुख्य वाट सहावीपासूनची.

चार भाषांचं ओझं

या सगळ्या चाळण्यांना आपल्या भागात एक जास्तीचं छिद्र आहे, ते भाषेचं. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाडीवरचं मूल घरात एक बोली बोलतं, ती पुस्तकी मराठीपेक्षा कोकणीला जवळची. गवळी-धनगरांच्या मुलांची आणखी निराळी. शाळेत पुस्तकातली मराठी शिकायची. ऑफिसातला कागद कानडीत, बसवरची पाटी कानडीत. विज्ञान पुढे शिकायचं तर इंग्रजी. पंधराव्या वर्षी पोराच्या तोंडात चार भाषा असतात, पण परीक्षेच्या वकुबाची त्यातली एखादीच असते, कधी तीही नसते.

यात कुठल्या भाषेचा दोष नाही, आणि सीमाप्रश्नाचं भांडण मला इथे आणायचं नाही. कानडी येणं या मातीत उपयोगाचंच. माझा मुद्दा मोजमापाचा आहे. ज्या भाषेत मूल चाचपडतं त्या भाषेत बुद्धी मोजली, तर जे मोजलं जातं ते बहुतेक चाचपडणंच. मुलाने मान खाली घातली की आपण समजतो, येत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका मोठ्या शाळा-जिल्ह्याने यावर काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. तिथेही आधी शिक्षक आणि पालक नावं सुचवायचे, त्या मुलांची तेवढी चाचणी व्हायची. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांना भाषेवर न बेतलेली छोटी चाचणी दिली, आणि त्यात चमकलेल्यांना पुढे पाठवलं. गरीब, काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली निवड झालेली मुलं एकदम वाढली. त्यांचा बुद्ध्यांक काही त्या वर्षी वाढला नव्हता. आधी त्यांचं नाव कोणी घेतच नव्हतं.

भाषेवर न बेतलेली चाचणी म्हणजे आकृत्यांची. नऊ घरांचा चौकोन, आठ घरांत आकृत्या, नववं रिकामं, तिथे काय बसेल ते शोधा. रेव्हन यांच्या अशा चाचण्या १९३८ पासून जगभर वापरतात. त्याही अगदी निर्दोष नाहीत. ज्याने असलं कोडं जन्मात पाहिलं नाही ते मूल पहिली पाच मिनिटं नुसतं कागदाकडे बघत राहतं. म्हणून आधी दोन-चार नमुने सगळ्यांना फळ्यावर सोडवून दाखवावेत. बाहेरगावचा महागडा संच मागवायची गरज नाही. नवोदय आणि एनएमएमएसच्या जुन्या पेपरांतले आकृत्यांचे प्रश्न काढले तरी वीस प्रश्नांचा पेपर तयार होतो. त्याच्यावर बुद्ध्यांक लिहू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं.

शाळेला करता येण्यासारखं

आम्ही तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आठवीच्या सगळ्या मुलांना असा पेपर दिला. सगळ्यांना, हा त्यातला कळीचा शब्द. मग गणितात बरी वाटलेल्या दहा-बारा मुलांना नववीचा सोपासा पेपर दिला. हीही जुनी युक्ती आहे. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७० च्या दशकात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजच्या उंबरठ्यावरची परीक्षा द्यायला लावली होती. कारण सोपं आहे. आठवीच्या पेपरात सगळ्याच चांगल्या मुलांना पंच्याण्णव पडतात, छताला डोकं टेकलं की उंची कळत नाही. छत वर नेलं की एकाला तीस पडतात, दुसऱ्याला सत्तर.

पेपरापेक्षा जास्त मला मुलांनी सांगितलं. चिठ्ठीवर चार प्रश्न दिले होते. गॅदरिंगचा माईक बिघडला तर कुणाला हाक माराल? नवा खेळ कोण काढतं? सरांची चूक कुणाच्या लक्षात येते? एखादी गोष्ट कुणी सांगितली तर सगळे गप्प बसून ऐकतात? सरांच्या चुकीच्या प्रश्नावर एका मुलीचं नाव तेवीस चिठ्ठ्यांवर होतं. ती वर्गात कधी बोललेली मला आठवत नव्हतं. चूक तिच्या लक्षात यायची, ती शेजारणीच्या कानात सांगायची आणि गप्प बसायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "लई शहाणी म्हणतात सर."

आठवी-नववीत हे होतंच. या वयात वेगळं दिसण्याची भीती अभ्यासापेक्षा मोठी. मुली ते जास्त लवकर शिकतात, कारण घरात आणि गल्लीत तेच त्यांना शिकवलेलं असतं. मुलगे वेगळ्या रीतीने लपतात, टवाळी करून. कंटाळलेलं तल्लख पोर आणि वाया गेलेलं पोर बाहेरून सारखंच दिसतं. शिवाय काही मुलांना वाचायला-लिहायला खरोखर अडचण असते, अक्षरं उलटसुलट होतात, आणि डोकं मात्र धारदार. ती तर दोन्हीकडून मारली जातात.

ओळखल्यावर काय? इथे बहुतेक शाळा एकच चूक करतात, आणि मीही केली आहे. लवकर गणितं झाली? मग ही आणखी दहा कर. पोर हुशार असतं, पुढच्या वेळी सावकाश करतं. दुसरी चूक त्याला बिनपगारी मास्तर करण्याची. मागच्या बाकावरच्यांना शिकव म्हणून सांगायचं. कधीमधी ठीक आहे, पण रोज तेच झालं तर त्याचं स्वतःचं शिकणं कधी?

पंचेचाळीस मुलांच्या वर्गात जमेल अशी एक साधी युक्ती आहे. धडा सुरू करायच्या दिवशीच सरावसंचातली सगळ्यात अवघड पाच गणितं फळ्यावर लिहायची. ज्याला हवं त्याने करून बघावीत. पाचपैकी चार बरोबर आली तर उरलेला सरावसंच त्याला माफ. त्याच्या वाचलेल्या तासांत त्याने काय करायचं ते मात्र आपण आधी तयार ठेवलेलं हवं, नाहीतर ती नुसती सुट्टी होते. मी एका चौकटीच्या पुठ्ठ्यावर असे प्रश्न चिकटवून ठेवलेत ज्यांना एका तासात उत्तर येत नाही. गावच्या टाकीत पाणी किती दिवस पुरेल? मलप्रभेच्या पुलाची उंची पुलावर न चढता कशी मोजशील? काहींना आम्ही गणिताच्या तासाला दहावीत बसवलं. वेळापत्रक जुळवताना कानडीच्या सरांशी दोनदा भांडण झालं, पण जमलं. पूर्ण वर्ग उडी मारून पुढे नेण्याची भाषा मी करत नाही. एका विषयापुरतं पुढे नेणं आपल्याच हातात असतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि पायऱ्या. त्या भाजीवाल्या पोराला पायऱ्या लिहायला लावायच्या नाहीत असं मी म्हणत नाही. एसएसएलसीला त्यालाही गुण लागणार आहेत. पण "लिही, नाहीतर गुण कापीन" याने काही झालं नाही. मग एकदा त्याला म्हटलं, तुला दिसतंय ते मान्य, पण शेजाऱ्याला दिसत नाही, त्याला दाखव. दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून चिंचोके आणले. बाकावर दहाच्या दहा ओळी मांडल्या, शंभर चिंचोके. खालची एक ओळ उचलली. आता नऊ ओळी उरल्या, हातात दहा चिंचोके. ते त्याने उजव्या बाजूला उभे लावत नेले, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक. नऊ लागले, एक हातात राहिला.

"हा गेला सर."

अकरा गुणिले नऊ, नव्व्याण्णव. दोन ओळी उचलल्या तर हातात वीस, उभ्या दोन ओळींना सोळा लागतात, चार राहतात. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून बघायला आली. त्यानंतर त्याने वहीत तीच मांडणी काढून खाली तीन ओळी लिहिल्या. त्या त्याच्या पहिल्या पायऱ्या.

दहावीच्या पुढचा कडा

इथवर सगळं मराठीत झालं. पीयूसीला सायन्स घेतलं की एकदम इंग्रजी. आपली नववी-दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीचीच, मराठीत उतरवलेली, म्हणजे पाया कमी नसतो. पण परिमेय संख्या कालपर्यंत घरातली होती, ती आज रॅशनल नंबर होऊन समोर उभी राहते. बेरजेपेक्षा शब्दांतच पहिली सहामाही जाते, आणि कधीही नापास न झालेलं पोर पहिल्यांदा नापास होतं. प्रज्ञावंत मुलाला हा धक्का इतरांपेक्षा जोरात बसतो. आयुष्यात न अडखळता चाललेल्या माणसाला पडायची सवय नसते. काही जण त्याच वर्षी आर्ट्सला जातात, काही घरी येतात.

याला मोठं औषध माझ्याकडे नाही. लहानसं आहे. नववीपासून वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने: डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे तीच इंग्रजीत, देवनागरीत लिहिली तरी चालेल. समभुज, इक्विलॅटरल. प्रवेग, ॲक्सिलरेशन. आठवड्याला दहा. दहावी संपेपर्यंत सहाशे-सातशे होतात. आणि दहावीच्या आधी निदान एकदा तरी त्या मुलाला न सुटणारं गणित द्यावं, आठवडाभर. न सुटण्याची सवय होऊ दे.

पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळ्या जागा असतात. बारावीनंतरच्या प्रवेशात त्याचा वेगळा उमेदवारी प्रकार आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, आणि मातृभाषेचा दाखला कुठून मिळतो, हे बारावीच्या निकालानंतर धावत शोधण्यापेक्षा नववीत विचारून ठेवावं. मुलींचं शिक्षण थांबवताना तर अंतर हेच पहिलं कारण सांगतात. २०२३ पासून कर्नाटकात मुली-बायकांना सरकारी बसचं तिकीट माफ झाल्यावर खानापूरहून बेळगावला रोज जाणाऱ्या मुली मला डोळ्यांनी वाढलेल्या दिसतात, पण शेवटच्या वाडीपर्यंत बसच जात नाही, तिथे तिकीट माफ होऊन काय उपयोग?

आता व्हरांड्यात, नोटीस बोर्डाच्या खाली, बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवलाय. सोमवारी बोर्डावर एक प्रश्न लावतो. उत्तर चिठ्ठीवर लिहून टाकायचं, नाव लिहायची सक्ती नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. पहिले दोन महिने त्यात चॉकलेटचे कागदच जास्त निघाले. मग चिंचोक्यांवरूनच एक प्रश्न लावला: भाव तीन वेळा १० टक्क्यांनी चढवला आणि तीन वेळा १० टक्क्यांनी उतरवला, कुठल्याही क्रमाने, तर शंभराचे किती राहतील? भाजीवाल्या पोराची चिठ्ठी बुधवारी आली, ती मी धरून चाललो होतो. गप्प बसणाऱ्या मुलीचीही आली, नाव न घालता, पण तिचं अक्षर मला ओळखू येतं.

शुक्रवारी डब्यात तिसरी चिठ्ठी होती. वहीचा फाडलेला कोपरा, शिसपेन्सिलीने लिहिलेलं: "९७ रुपये ३ पैसे, त्याच्यातबी थोडं कमीच." उत्तर ९७.०२९९ येतं. आठवी ते दहावीच्या सगळ्या वह्या मी त्या अक्षराशी ताडून बघितल्या. अजून जुळलेलं नाही.